न्यायाधीशाची खुर्ची कोणाच्या हाती?

केरळच्या कासरगोड जिल्ह्यातील मजूर कुटुंबात वाढलेल्या सुरेंद्रन पट्टेल यांनी दहावीनंतर शाळा सोडली आणि ते विड्या वळायला बसले. पुढे पुन्हा शिक्षणाची वाट धरली. विड्यांचे काम सांभाळत त्यांनी पदवी मिळवली आणि 1995 मध्ये कोझिकोडच्या सरकारी विधी महाविद्यालयातून कायद्याची पदवी घेतली. होसदुर्गच्या न्यायालयात आणि नंतर दिल्लीत त्यांनी वकिली केली. पत्नी परिचारिका; तिला अमेरिकेत नोकरी मिळाली म्हणून 2007 मध्ये हे कुटुंब टेक्सास राज्यातील ह्यूस्टनला गेले. तिथे सुरुवातीला किराणा दुकानात काम, मग टेक्सासची वकिलीची परीक्षा, ह्यूस्टन विद्यापीठातून कायद्याचे पदव्युत्तर शिक्षण आणि 2017 मध्ये अमेरिकेचे नागरिकत्व. 1 जानेवारी 2023 पासून ते फोर्ट बेंड काउंटीतील 240व्या जिल्हा न्यायालयाचे न्यायाधीश झाले.

हा प्रवास विलक्षण आहेच, पण त्याचा शेवटचा टप्पा आपल्याकडच्या वाचकाला अधिक चकित करणारा आहे. या पदासाठी पट्टेल यांनी कोणती स्पर्धा परीक्षा दिली नव्हती, कोणा राज्यपालाने त्यांची नेमणूक केली नव्हती. ते निवडणूक लढवून न्यायाधीश झाले. 2020 मध्ये ते एकदा हरले होते. 2022 मध्ये आधी त्यांनी आपल्याच डेमोक्रॅटिक पक्षातील, त्या खुर्चीवर बसलेल्या न्यायाधीशाला पक्षांतर्गत निवडणुकीत हरवले आणि नोव्हेंबरमध्ये रिपब्लिकन उमेदवाराला. प्रचारात त्यांच्या इंग्रजी उच्चारांवरून टीकाही झाली. निवडून आले तरी मुदत चारच वर्षांची. पुढेही खुर्ची हवी असेल तर पुन्हा मते मागायला जायचे.

खून, दरोडा, घटस्फोट, जमिनीचा वाद अशी प्रकरणे ज्याच्यासमोर चालतात त्या न्यायाधीशाने मते मागावीत का? हा प्रश्न अमेरिका जवळपास दोनशे वर्षे स्वतःला विचारते आहे. तिला मिळालेली उत्तरे आपल्यालाही उपयोगी आहेत. न्यायाधीश आपल्याकडे निवडणुकीने नेमावेत असे कोणी म्हणत नाही. पण न्यायाधीशाला कशाची भीती वाटते आणि त्या भीतीचा पक्षकाराला काय भुर्दंड पडतो, हे त्या अनुभवातून फार स्पष्ट दिसते.

निवडणूक आली ती स्वातंत्र्यासाठी

अमेरिकेत दोन न्यायव्यवस्था शेजारी शेजारी चालतात. संघराज्याच्या न्यायालयांतील न्यायाधीश राष्ट्राध्यक्ष नेमतात, सिनेट त्यांना मान्यता देते आणि ते तहहयात पदावर राहतात. पण सामान्य माणसाचा संबंध येतो तो राज्यांच्या न्यायालयांशी, कारण देशातले बहुसंख्य खटले तिथेच चालतात. तिथे न्यायाधीश कसा निवडायचा हे प्रत्येक राज्य स्वतः ठरवते. 2015 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात नोंदवल्याप्रमाणे 39 राज्यांत खालच्या किंवा अपिलाच्या न्यायालयांचे न्यायाधीश मतदानाने निवडले जातात.

देश स्वतंत्र झाला तेव्हा असे नव्हते. सुरुवातीच्या राज्यांत गव्हर्नर किंवा विधिमंडळ न्यायाधीश नेमत असे. 1832 मध्ये मिसिसिपीने सगळेच न्यायाधीश लोकांनी निवडायचे ठरवले. 1846 मध्ये न्यूयॉर्कने नव्या राज्यघटनेत तोच मार्ग धरला आणि मग लाट आली. 1861 मध्ये यादवी युद्ध सुरू झाले तेव्हा 34 पैकी 24 राज्यांत न्यायाधीश निवडून येत होते.

या बदलामागे राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांच्या काळातली सामान्य माणसाच्या राजकारणाची हवा होती, हे खरे. पण दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. 1837 च्या आर्थिक अरिष्टात अनेक राज्ये कर्जात बुडाली. कालवे, रस्ते आणि बँकांवर विधिमंडळांनी बेसुमार पैसा उधळला होता. या विधिमंडळांना वेसण कोण घालणार? न्यायाधीश घालू शकत होते, पण त्यांची नेमणूकच राजकारण्यांच्या मर्जीवर होती. म्हणून घटनादुरुस्ती करणाऱ्यांनी, त्यातही अनेक वकिलांनी, असा विचार मांडला की न्यायाधीश थेट लोकांनी निवडला तर तो विधिमंडळाचा मिंधा राहणार नाही. घटनाबाह्य कायदा रद्द करायची हिंमत त्याच्यात येईल.

म्हणजे न्यायाधीशांची निवडणूक जन्माला आली ती त्यांना स्वतंत्र करण्यासाठी. राज्यकर्त्यांचा धाक काढायचा, तर खुर्चीची दोरी त्यांच्या हातातून काढून जनतेच्या हाती द्यायची. हेतू चांगला होता, पण दोरी शिल्लक राहिलीच. फक्त ती धरणारा हात बदलला.

पक्ष, पैसा आणि लांबलचक मतपत्रिका

निवडणूक म्हटली की उमेदवारी आली आणि उमेदवारी म्हटली की पक्ष आला. न्यूयॉर्कमध्ये टॅमनी हॉलची पक्षयंत्रणा आणि मिसुरीतील कॅन्सस सिटीत पक्षनेता टॉम पेंडरगास्टचे साम्राज्य यांनी इतर पदांबरोबर न्यायाधीशपदेही आपल्या पंखाखाली घेतली. याला कंटाळून मिसुरीच्या मतदारांनी 1940 मध्ये वेगळी पद्धत स्वीकारली. वकील, नागरिक आणि न्यायाधीश यांची एक समिती तीन नावे सुचवते, गव्हर्नर त्यातले एक निवडतो आणि नेमणुकीनंतर किमान वर्षभराने मतदारांना एकच प्रश्न विचारला जातो : या न्यायाधीशाला पदावर ठेवायचे का? समोर प्रतिस्पर्धी नसतो. उत्तर फक्त होय किंवा नाही. ‘मिसुरी योजना’ म्हणून ती ओळखली जाते आणि पुढे अनेक राज्यांनी ती कमीअधिक फरकाने उचलली. मिसुरीतच मात्र ती वरच्या न्यायालयांना आणि मुख्यतः मोठ्या शहरांच्या भागाला लागू आहे. ग्रामीण भागात आजही पक्षीय निवडणूकच होते.

आता अमेरिकेत साधारण तीन प्रकार दिसतात. टेक्साससारख्या राज्यात उमेदवाराच्या नावापुढे पक्ष छापलेला असतो. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात जिल्हा पातळीवर पक्षाविना निवडणूक होते आणि विरोधक उभा राहिला नाही तर न्यायाधीशाचे नाव मतपत्रिकेवर येतही नाही. इलिनॉयमध्ये पहिली निवडणूक पक्षाच्या नावावर आणि नंतर दर काही वर्षांनी ‘ठेवायचे का’ हा कौल. तिथे पदावर राहायला 60 टक्के मते लागतात. असे असूनही शिकागो ज्यात येते त्या कुक काउंटीत 1990 नंतर 2018 पर्यंत एकही न्यायाधीश या कौलात हरला नाही. एकाच मतपत्रिकेवर डझनावारी न्यायाधीशांची नावे असतात. नोकरीवरून परतताना रांगेत उभ्या राहिलेल्या मतदाराला त्यातले कोण चांगले, कोण वाईट हे कळणार कसे?

टेक्सासमध्ये याची उलट बाजू दिसते. 2018 मध्ये सिनेटच्या जागेसाठी डेमोक्रॅटिक उमेदवार बीटो ओरूर्क यांनी दिलेल्या लढतीमुळे ह्यूस्टनच्या हॅरिस काउंटीत डेमोक्रॅटिक मतदार मोठ्या संख्येने बाहेर पडले. त्या लाटेत न्यायाधीशपदाच्या 59 जागा त्या पक्षाकडे गेल्या. कामात वाकबगार असलेले रिपब्लिकन न्यायाधीश घरी गेले आणि कामचुकार असतील तर तेही गेले. कोणी कसे निकाल दिले होते याचा त्याच्याशी फारसा संबंध नव्हता. एकाच खुणेने एका पक्षाच्या सगळ्या उमेदवारांना मत द्यायची सोय तेव्हा टेक्सासमध्ये होती. 2020 पासून ती बंद झाली.

त्याच निवडणुकीची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगायला हवी. हॅरिस काउंटीत त्या वर्षी न्यायाधीशपदासाठी उभ्या राहिलेल्या 19 कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी 17 निवडून आल्या. बंद दाराआड चालणाऱ्या शिफारशींतून इतके चेहरे एका वेळी न्यायासनावर येणे अवघड होते. पट्टेल यांच्यासारख्या, ओळखीपाळखी नसलेल्या स्थलांतरितालाही निवडणुकीनेच दार उघडले. लोकशाहीचा हा लाभ खरा आहे. आरोपीच्या पिंजऱ्यात ज्या समाजाची माणसे जास्त दिसतात, त्या समाजाचा कोणी न्यायासनावर दिसलाच नाही तर न्यायावरचा विश्वास टिकत नाही.

निवडणुकीला पैसा लागतो, आणि स्थानिक न्यायाधीशाच्या प्रचाराला पैसा देणार कोण? बहुधा त्याच्याच न्यायालयात रोज उभे राहणारे वकील. फ्लोरिडातील हिल्सबरो काउंटीत न्यायाधीशपदाच्या एका उमेदवार स्त्रीने स्वतःच्या सहीने मदतीचे पत्र पाठवले. तिथल्या नियमांनुसार उमेदवार स्वतः देणगी मागू शकत नाही, ते काम समितीने करायचे असते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि 2015 मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी ही बंदी वैध ठरली. त्याआधी 2002 मध्ये त्याच न्यायालयाने मिनेसोटातील एका प्रकरणात उलट दिशेचा निर्णय दिला होता : वादग्रस्त प्रश्नांवर आपले मत काय, हे सांगण्यापासून न्यायाधीशपदाच्या उमेदवाराला रोखता येणार नाही. निवडणूक घ्यायची तर उमेदवाराला बोलू द्यायला हवे, आणि बोलू दिले तर खटला ऐकण्याआधीच मत बांधल्यासारखे होते. या कोंडीतून अजून कोणाला स्वच्छ वाट सापडलेली नाही.

मतदानाची तारीख आणि तुरुंगाची वर्षे

निवडणुकीचा निकालांवर खरेच परिणाम होतो का? ग्रेगरी ह्यूबर आणि सॅनफर्ड गॉर्डन या दोन राज्यशास्त्रज्ञांनी पेनसिल्व्हेनियातील 1990 च्या दशकातल्या 22 हजारांहून अधिक शिक्षा तपासल्या. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दिसले की न्यायाधीशाची निवडणूक जसजशी जवळ येते, तसतशी तो देत असलेली शिक्षा वाढत जाते. पेनसिल्व्हेनियात ही निवडणूक दहा वर्षांनी येते, तीही प्रतिस्पर्ध्याविना. तरीही त्यांच्या हिशेबाने केवळ निवडणुकीच्या सावटामुळे आरोपींना मिळून किमान 1,800 वर्षांचा जादा तुरुंगवास भोगावा लागला. यातला प्रत्येक न्यायाधीश मुद्दाम अन्याय करत होता असे नाही. सौम्य शिक्षा विरोधकाच्या हातात कोलीत देते आणि कडक शिक्षेबद्दल कोणी जाब विचारत नाही, एवढे कळले की तराजू आपोआप झुकतो.

अलाबामात हा तराजू जिवावर उठला होता. तिथे ज्यूरीने जन्मठेप सुचवली तरी निवडून आलेला न्यायाधीश ती बाजूला सारून फाशी देऊ शकत असे. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांनी आपल्या मतभेदाच्या टिपणात या प्रथेचा संबंध निवडणुकीच्या दबावाशी जोडला. 2017 मध्ये अलाबामाने ही तरतूद रद्द केली.

आता कॅलिफोर्नियाचे प्रकरण पाहू, कारण त्यात आपल्या सर्वांच्या मनातला संताप गुंतलेला आहे. 2016 मध्ये सांता क्लारा काउंटीचे न्यायाधीश एरन पर्स्की यांनी बेशुद्ध तरुणीवर लैंगिक अत्याचार केल्याबद्दल दोषी ठरलेल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातील जलतरणपटूला फक्त सहा महिन्यांचा तुरुंगवास दिला. सरकारी पक्षाने सहा वर्षे मागितली होती. प्रत्यक्षात आरोपी तीन महिन्यांत सुटला. देशभर संताप उसळला आणि तो योग्यच होता. विधिमंडळाने त्याच वर्षी कायदा बदलून अशा गुन्ह्याला तुरुंगवास सक्तीचा केला. न्यायाधीशांच्या वर्तनाची चौकशी करणाऱ्या राज्य आयोगाला मात्र पर्स्की यांच्या वागण्यात गैर काही आढळले नाही. शिक्षा कायद्याच्या चौकटीत होती. तरीही त्यांना परत बोलावण्याची मोहीम उभी राहिली आणि 5 जून 2018 रोजी मतदारांनी त्यांना पदावरून दूर केले. कॅलिफोर्नियात न्यायाधीशाला असे काढण्याची 1932 नंतरची ही पहिलीच वेळ.

पुढे काय झाले ते महत्त्वाचे आहे. गॉर्डन आणि सिदक यंतिसो यांनी कॅलिफोर्नियातील सहा काउंटींतल्या शिक्षांची आकडेवारी अभ्यासली. परत बोलावण्याची मोहीम जाहीर होताच शिक्षा एकदम कडक झालेल्या दिसल्या. आधीपासून असलेली वांशिक तफावत मात्र कमी झाली नाही. म्हणजे एका सुखवस्तू आरोपीला मिळालेल्या सवलतीचा राग निघाला तो ज्यांचा त्या प्रकरणाशी संबंध नव्हता अशा आरोपींवर. धडा एका न्यायाधीशाला दिला गेला आणि तो घेतला सगळ्यांनी.

मतदारांच्या कौलाला न्यायालयातला भ्रष्टाचार तरी दिसतो का? पेनसिल्व्हेनियातील लुझर्न काउंटीचे मार्क सियावरेला 1995 मध्ये निवडून आले. मुलांच्या गुन्ह्यांबाबत कठोर न्यायाधीश म्हणून त्यांचे नाव झाले. किरकोळ खोड्यांसाठीही मुलांना थेट सुधारगृहात पाठवले जाई, कित्येकदा वकिलाविनाच. या काळात सियावरेला आणि त्यांचे सहकारी न्यायाधीश मायकेल कोनाहन यांनी खासगी सुधारगृहांशी संबंधित लोकांकडून मिळून सुमारे 28 लाख डॉलर घेतले होते. हे सारे चालू असताना, 2005 मध्ये, मतदारांनी सियावरेला यांना आणखी दहा वर्षांसाठी कौल दिला. प्रकरण उघडकीस आले ते मुलांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या वकिलांमुळे आणि संघराज्याच्या तपासामुळे. सियावरेला यांना 2011 मध्ये 28 वर्षांची शिक्षा झाली आणि हजारो मुलांना दोषी ठरवणारे निकाल राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले. कठोरपणाची कीर्ती हेच त्या गैरव्यवहाराचे पांघरूण होते.

एवढा अनुभव समोर असताना मेक्सिकोने 2024 मध्ये घटनादुरुस्ती करून न्यायव्यवस्थेतील पदे मतदानासाठी खुली केली. 1 जून 2025 रोजी पहिली निवडणूक झाली, त्यात जिल्हा पातळीपासून सर्वोच्च न्यायालयापर्यंतच्या जागा होत्या. मतदान सुमारे 13 टक्के. जनतेचा कौल म्हणून जे आणले, त्याकडे जनतेतल्या बहुतेकांनी पाठ फिरवली.

आपल्या तालुक्याच्या न्यायालयात

यावरून आपली पद्धत निर्दोष असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, पण तो चुकीचा ठरेल. नेमलेल्या न्यायाधीशाच्याही खुर्चीची दोरी कोणाच्या तरी हाती असतेच. महाराष्ट्राला हे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या आयुष्यातून ठाऊक आहे. ते 1871 पासून पुण्यात न्यायाधीश होते. सार्वजनिक कामातला त्यांचा पुढाकार इंग्रज सरकारला खुपत होता. त्यांची बदली नाशिकला झाली आणि 1879 मध्ये, वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाच्या दिवसांत, त्यांना तातडीने धुळ्याला धाडले. त्यांच्या टपालावरही सरकारची नजर होती. त्यांच्या एखाद्या निकालात खोट काढली गेली म्हणून हे झाले नाही. सरकारला संशय आला, आणि बदली सरकारच्या हातात होती, एवढेच पुरे झाले.

राज्यघटना लिहिणाऱ्यांनी यातून धडा घेतला. कलम 233 नुसार जिल्हा न्यायाधीशांची नेमणूक राज्यपाल उच्च न्यायालयाशी विचारविनिमय करून करतात. कलम 234 नुसार त्याखालच्या न्यायाधीशांच्या भरतीत लोकसेवा आयोग आणि उच्च न्यायालय या दोघांचा वाटा आहे. आणि कलम 235 ने बदली, बढती, रजा यांसह खालच्या न्यायालयांवरचे नियंत्रण उच्च न्यायालयाकडे दिले. 1965 मध्ये नृपेंद्रनाथ बागची यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की या नियंत्रणात शिस्तभंगाची कारवाईही येते. रानड्यांना धुळ्याला धाडणारा हात कायद्याने बाजूला झाला.

आज महाराष्ट्रात दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी, म्हणजे बोलीतले जेएमएफसी, व्हायचे तर पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा आणि मुलाखत असा मार्ग आहे. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या पदासाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली. नंतर वरिष्ठ स्तर, जिल्हा न्यायाधीश अशी चढण. अनुभवी वकिलांना जिल्हा न्यायाधीशपदी थेट येण्याचाही मार्ग आहे. प्रचार नाही, देणग्या नाहीत, जाहीर सभा नाहीत. खेड्यातल्या मुलीला अभ्यासाच्या जोरावर न्यायासनापर्यंत नेणारी ही वाट जपण्यासारखी आहे.

पण इथेही भीती आहे. तिचे रूप वेगळे आहे : निनावी तक्रार, गोपनीय अहवालातला एक शेरा, अडचणीच्या जागी बदली, वरच्या न्यायालयाची निकालपत्रातली जाहीर खरडपट्टी. नोव्हेंबर 2022 मध्ये तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी बोलून दाखवले की उच्च न्यायालयांत जामीन अर्जांचा पूर येतो, कारण तळाचे न्यायाधीश जामीन द्यायला कचरतात. जामीन दिला तर आपल्याकडे बोट दाखवले जाईल, अशी धास्ती त्यांना वाटते. पेनसिल्व्हेनियातल्या न्यायाधीशाच्या डोळ्यांपुढे मतदार होता, इथे वरिष्ठ आहेत. आरोपीच्या वाट्याला दोन्हीकडे तेच येते, जादा तुरुंगवास.

बिहारमधील कृष्णप्रसाद वर्मा या न्यायाधीशांवर एका खून प्रकरणात जामीन दिल्यावरून शिस्तभंगाची कारवाई झाली. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि बजावले की निकाल चुकला म्हणून न्यायाधीशाला शिक्षा करता येत नाही. त्यामागे लबाडी, लाच किंवा बाहेरचा दबाव दिसला पाहिजे. चुकीच्या निकालासाठी अपील आहे. वर्मा तोवर हयात नव्हते, खटला त्यांच्या वारसांनी तडीस नेला.

न्यायाधीश कसा निवडावा यावर जगभर रणे माजतात. माझ्या मते खरा प्रश्न निवडीनंतरचा आहे. कायद्याला धरून, पण कोणालाच न आवडणारा निकाल आज दिला, तर उद्या त्या न्यायाधीशाचे काय होते? निवडून आलेला असो वा परीक्षा देऊन आलेला, या प्रश्नाचे उत्तर ‘काही होत नाही’ असे असेल तरच पक्षकाराला न्याय मिळण्याची शक्यता आहे. लबाडीला तत्पर आणि कडक चौकशी, प्रामाणिक चुकीला फक्त अपील, या दोन गोष्टींमधली रेघ आपल्या उच्च न्यायालयांनी प्रत्येक तक्रारीत जपली पाहिजे. आणि आपण नागरिकांनीही. एखाद्या जामिनावर संतापून ‘या न्यायाधीशाला घरी पाठवा’ म्हणण्याआधी तो आदेश वाचावा, त्यातली कारणे तपासावीत. कारणे पोकळ असतील तर टीका करावी, अपिलाची मागणी करावी. कारणे भक्कम असतील तर निकाल आवडला नाही तरी त्या न्यायाधीशाच्या पाठीशी उभे राहावे, कारण आपल्यापैकी कोणावर उद्या खोटा आरोप झाला, तर आपल्याला हवा असणार तो असाच, कोणाला न भिणारा न्यायाधीश.